डावखुरीपायी हुकलेला कोकणकडा

पाचनईहून हरिश्चंद्रगड हा आता मार्गदर्शन लिहावं असा ट्रेक उरलेला नाही. राजूरहून पाचनई गाठा, गावातून वाट धरा, दोन-अडीच तासांत देवळापाशी. चुकायचं म्हटलं तरी जमत नाही, वेफर्सची पाकिटं वाट दाखवत असतात. आम्ही जुलैतल्या एका शनिवारी गेलो आणि देवळापर्यंतही पोचलो नाही. हे लिहितोय ते त्याबद्दल.

या वाटेवर एक प्रचंड कातळभिंत पुढे झुकलेली आहे आणि तिच्या पोटाखालून चालत जावं लागतं. तिथे आलो आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. दहा मिनिटांत पुढच्या ओढ्याचं पाणी गढूळ झालं. गडावर दूध घेऊन निघालेले गावातले एक मामा आमच्यापुढे होते. त्यांनी किटली खाली ठेवली, पाठ कातळाला टेकली. "पाणी उतरंस्तोवर बसायचं, दादा. घाई करनारा खाली पाचनईत घावतो." सह्याद्रीतल्या पावसाळी ओढ्यांबद्दल याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही. गावचा माणूस बसला की आपणही बसावं. मागून आलेला एक कंपू मात्र आम्हाला "अंकल, एवढ्याशा पाण्याला घाबरलात?" असं विचारून हातात हात घालून पलीकडे गेला. गेल्या वर्षी चाळीस किल्ले केले म्हणे. असतील.

बसल्या बसल्या माझी नजर समोरच्या शेवाळावर गेली. अंगठ्याच्या पेराएवढी गोगलगाय, फिकट तपकिरी शंखावर एक गडद पट्टा. चारही शिंगं बाहेर. वरच्या लांब दोनांच्या टोकाला डोळ्यांचे काळे ठिपके. काहीतरी खटकत होतं, काय ते पाच मिनिटांनी कळलं. शंख उलट्या बाजूला वळलेला होता.

हे कसं ओळखायचं ते सांगतो. रिकामा शंख मिळाला तर टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजवीकडे आलं तर उजवी, डावीकडे आलं तर डावखुरी. जिवंत असेल तर उचलू नका. शंखाच्या टोकाकडून बघा. वळसे मधून बाहेर घड्याळाच्या काट्यांसारखे गेले तर उजवी. पूजेतल्या दक्षिणावर्ती शंखाशी मात्र याची गल्लत करू नका. तो शंख आपण निमुळता भाग वर करून धरतो, म्हणून आपला 'दक्षिणावर्ती' तोच प्राणिशास्त्राचा डावखुरा. त्या जातीत डावखुरा शंख फार दुर्मिळ, म्हणून त्याला मोल. आणि म्हणूनच बाजारात त्याच्या नावाने अमेरिकेकडच्या समुद्रातले शंख खपवले जातात. तिथली एक जातच्या जातच डावखुरी आहे.

मला आठवला जेरेमी. २०१६ साली लंडनमध्ये खताच्या ढिगात एक डावखुरी बागेतली गोगलगाय सापडली. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी तिला हे नाव दिलं आणि जोडीदारासाठी जाहीर आवाहन केलं, कारण विरुद्ध वळणाच्या गोगलगायींची जननेंद्रियं एकमेकींसमोर येत नाहीत. इप्सविच आणि मायोर्का इथून दोन डावखुऱ्या मिळाल्या. पिल्लं झाली ती सगळी उजवी! गोगलगायीचं वळण तिच्या स्वतःच्या नाही, आईच्या जनुकांवरून ठरतं, हे १९२३ पासून माहीत आहे. आईच्या वळणावर जाणं म्हणजे काय ते गोगलगायीकडून शिकावं. पुढे २०२० मध्ये कळलं की जेरेमीचं डावखुरेपण आनुवंशिक नव्हतंच, अंड्यातल्या वाढीतला तो अपघात होता.

म्हणजे सह्याद्रीचा जेरेमी सापडला की! आम्ही दोन तास तो कातळ पिंजून काढला. कोकणकडा, इंद्रवज्र, केदारेश्वराच्या गुहेतलं कमरेएवढं गार पाणी, चांगदेवांनी गडावर 'तत्त्वसार' लिहिलं ती जागा, सगळं राहिलं. अकरा गोगलगायी मिळाल्या. एकीच्या शंखाची कड कधीतरी फुटून पुन्हा सांधलेली होती. शंख तोंडाशी वाढत जातो, टोकाला तिचं बाळपण आणि कडेला कालचा पाऊस, त्यामुळे ती आडवी खरबरीत रेघ म्हणजे जुन्या हल्ल्याची नोंदच. शीतपेयाच्या एका बाटलीत चार रिकामे शंख निघाले. आत जाता आलं, गुळगुळीत प्लॅस्टिकवरून बाहेर येता आलं नसावं. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला गाड्यांची रांग लावणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खाऊन वाढतात. बाटली टाकणारा आणि काजव्यांचा रील टाकणारा बहुधा एकच असतो.

एकाने जळू समजून मिठाची पुडी काढली होती. त्याला मामांनीच थांबवलं. मीठ नको, आणि हात लावलाच तर जेवणापूर्वी साबणाने धुवा, गोगलगायींच्या अंगात जंत असू शकतात.

उतरल्यावर फोटो एका जाणकार मैत्रिणीला पाठवले. तिचं उत्तर आलं, "अरे, ही अ‍ॅरिओफँटा दिसतेय. या वंशातल्या बहुतेक जाती डावखुऱ्याच असतात. यात एखादी उजवी सापडली असती तर खरी बातमी."

झालं. घरी फोटो पुन्हा चाळले. दहा डावखुऱ्या. अकरावी उजवी! रात्री साडेअकराला मी तिला फोन लावला. तिने शांतपणे विचारलं, "कोणी काढलाय हा फोटो?" मग म्हणाली, "रेम्ब्रांटने १६५० मध्ये शंखाचं एक चित्र कोरलं. छापताना ते उलटलं आणि उजवा शंख कायमचा डावा झाला. तू फोटोत मागे काय आहे ते बघ."

फोटो आमच्या एका पोराने गोगलगायीसोबत सेल्फी म्हणून काढला होता. त्याच्या टी-शर्टवरचं 'सह्याद्री' उजवीकडून डावीकडे वाचावं लागत होतं.