बारा पोत्यांचा शब्द

ओतूर, पितृपक्ष

सागर,

फोनवर मी ओरडले असते आणि तू 'रेंज नाही' म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहिते. काल आमचे शेजारी मंचरहून आले. म्हणाले, तुमच्या भाच्यानं उभ्या सोयाबीनवर अडत्याकडून उचल घेतली, एकरी बारा पोत्यांचा शब्द देऊन. खरं आहे का? आप्पाला, तुझ्या बापाला, विचारायची माझी छाती झाली नाही.

बारा पोती! श्रावणी सोमवारी इथं कपर्दिकेश्वराला आलास, तेव्हाही भगर खाताना हाच आकडा होता तोंडात. अरे, तेव्हा पीक फुलात होतं. सोयाबीनची निम्म्याहून जास्त फुलं गळूनच जातात. फुलांवर कुणी उचल घेतं का?

आणि पाहिलंस कुठून? बांधावरून. कडेच्या झाडाला मोकळं ऊन मिळतं, ते लगडणारच. आत शिर. ओळी दीड फुटावर आहेत ना? मग 2.22 मीटरची सुतळी तोड. तेवढी एक ओळ म्हणजे एक चौरस मीटर. नदीकडच्या काळीत दोन जागी धर, मधे एकदा, आणि माळाकडच्या मुरमाडातही दोन जागी. तो पट्टा तू वगळणार, मला माहीत आहे. प्रत्येक जागची झाडं मोज, मग त्यातली तीन-चार न निवडता उपट. त्यांच्या शेंगा मोज. शेंग अंगठ्यानं दाबून बघ, चपटी लागली तर सोडून दे.

मी आपलं मांडून पाहिलं. सुतळीत 28 झाडं, झाडाला 30 भरल्या शेंगा, शेंगेत दोन दाणे. झाले 1680. वाळल्या शंभर दाण्यांचं वजन 12 ग्रॅम धरलं तर चौरस मीटरला साधारण 200 ग्रॅम. एकराचे 4047 चौरस मीटर, म्हणजे आठ क्विंटल. कापणीला उशीर झाला की शेंगा तडकतात, काही मळणीत सांडतं. हातात सातच समज, म्हणजे क्विंटलाच्या पोत्यानं सात पोती. वरची पाच पोती कुठून आणणार आहेस? हमीभाव आहे खरा, पण तो 12 टक्के ओलाव्याच्या मालाला. परतीच्या पावसात भिजलेल्या मालाचं अडत्या काय करतो, ते मी तुला सांगायला नको. विम्याच्या भरवशावरही राहू नकोस. 2025 च्या खरिपापासून भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर ठरते, तुझ्या एकट्याच्या रानावर नाही.

पाच पोती, सागर. रात्रभर तेच डोक्यात होतं.

माझं लग्न ठरलं त्या साली आमच्या दादांनी, तुझ्या आजोबांनी, भुईमुगावर अशीच उचल घेतली होती. खुरपताना मी दोन झाडं उपटून पाहिली, निम्म्या शेंगा पोचट. घरात मांडवाची बोलणी चाललेली, पोरीच्या जातीनं काय बोलायचं? गप्प बसले. पुढं दावणीची बैलजोडी गेली, ते आप्पाला विचार. दादा मला एका शब्दानं बोलले नाहीत, पण मी आधी बोलायला हवं होतं असं अजून वाटतं. म्हणून तुला बोलते.

रागावले म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या कष्टात खोट नाही. रात्री तू मोटर चालू करायला गेलास, की बिबट्याच्या धास्तीनं आप्पा ओट्यावर बसून असतो, हे तुझ्या आईनंच मला सांगितलं. उचल नेमकी किती आहे ते मला खरं सांग. त्यातली उरली असेल तेवढी आत्ताच परत कर. खर्च झाली असेल तर माझ्या बचत गटाचे पैसे आहेत. आमच्या घरी तुझ्या मामांनाही माहीत आहे, पैसे द्यायचा विषय काल त्यांनीच आधी काढला. लाजू नकोस. आप्पाला आपण दोघं मिळून सांगू.

मी रविवारच्या एसटीनं येते, मुक्कामाला. माझी कंबर धरलीय, तेव्हा शेंगा तू मोज. सातवी शिकलेय, गुणाकार मी करीन. आईला म्हणावं, भाकरी बाजरीची कर, आणि मिरचीचा ठेचा कर, तुला आवडतो तसला तिखट.

तुझी,
आत्या