अल्पसंख्याकांचे हक्क

एखाद्या राज्यात ज्यांची भाषा अथवा धर्म बहुसंख्य लोकांहून भिन्न असतो, त्यांस अल्पसंख्याक म्हणतात. हे नाव कोणाच्याही कपाळी कायमचे लिहिलेले नसते, हे समजण्यास आम्हां पैठणकरांस दूर जावयास नको. १९४८ पर्यंत आमचे गाव निजामाच्या राज्यात होते. वस्ती बहुतांशी मराठी. परंतु राज्याचा कारभार उर्दूत चाले, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील उच्च शिक्षणही उर्दूतूनच मिळे. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. मराठी राज्यभाषा झाली आणि आमचे उर्दू बोलणारे शेजारी भाषिक अल्पसंख्याक ठरले. इकडे बेळगावचा मराठी मुलगा मात्र कर्नाटकात अल्पसंख्याकच आहे.

शेजाऱ्यांचा चांगुलपणा हा मोठा आधार खरा. पण तो आज असेल, उद्या नसेल. म्हणून कायदा लागतो. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या संविधानाचे २९ वे कलम स्वतःची भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क देते. ३० वे कलम अल्पसंख्याकांस आपल्या पसंतीच्या शाळा स्थापून चालविण्याचा हक्क देते. हे हक्क मोडल्यास सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागता येते. मात्र हक्काबरोबर कर्तव्यही येते. महाराष्ट्रातील गुजराती शाळांत मराठी हा विषय सक्तीचा करणे योग्यच आहे, असा निर्णय त्याच न्यायालयाने २००४ साली दिला.

नुसते वचन आणि पक्का हक्क यांत किती अंतर असते, हे इस्रायल देशात दिसते. १४ मे १९४८ च्या घोषणेत धर्म वा वंश न पाहता सर्व रहिवाशांस समान हक्कांचे वचन दिले गेले. अरब नागरिकांस मताधिकारही मिळाला; तथापि त्यांतील बहुतेकांवर १९६६ पर्यंत लष्करी अंमल राहिला, आणि २०१८ च्या कायद्याने अरबीचा राजभाषेचा दर्जा गेला. सबंध लिखित संविधान तेथे नाही.

विद्यार्थ्यांनो, सोळाव्या शतकात याच पैठणात नाथमहाराजांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचिला. त्यातील दोघे कडाडून भांडतात व अखेर एकमेकांस आलिंगन देतात. आपला मुलगा परराज्यात गेल्यास त्याला जो हक्क मिळावा असे आम्हांस वाटते, तोच येथील शेजाऱ्याच्या मुलास आनंदाने द्यावा, एवढाच या पाठाचा अर्थ होय.