पावसाळा आणि कर्करोगावरील उपचार : पूर्वतयारीचा एक पाठ

२३ जुलै २०२१ रोजी गोव्यातील सत्तरी, डिचोली आणि फोंडा या तालुक्यांत नद्यांचे पाणी घराघरांत शिरले. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने असंख्य झाडे उन्मळून पडली, रस्ते अडले आणि अनेक गावांचा वीजपुरवठा खंडित झाला. अशा प्रसंगी धडधाकट माणूस दोन दिवस कळ काढू शकतो. परंतु ज्याच्यावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्याच्या बाबतीत काही तासांचा विलंबही जिवावर बेतू शकतो. म्हणून अशा कुटुंबाची पूर्वतयारी इतरांहून निराळी असणे अगत्याचे आहे.

ताप क्षुल्लक का मानू नये?

केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशींबरोबरच अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या रक्तपेशींनाही त्यांची झळ पोहोचते. रोगजंतूंचा प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी बहुधा औषध दिल्यानंतरच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान सर्वांत कमी असतात. या काळात जंतुसंसर्ग झाला तरी सूज किंवा पू दिसेलच असे नाही. ताप हीच त्याची एकमेव खूण असू शकते.

म्हणून घरात थर्मामीटर असलाच पाहिजे. ताप १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजेच ३८ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक भरल्यास रात्र असो वा मुसळधार पाऊस, रुग्णाला तात्काळ रुग्णालयात न्यावे. डॉक्टरांना विचारल्यावाचून तापाची गोळी देऊन वाट पाहू नये. गोळीने पारा उतरतो, संसर्ग मात्र वाढत राहतो. हुडहुडी भरणे, धाप लागणे, बोलण्यात असंबद्धता येणे, न थांबणारा रक्तस्राव आणि पोटात पाणीही न ठरणे, ही लक्षणेदेखील तितकीच गंभीर होत. अशा वेळी ताप नसला तरी थांबू नये.

औषधाची तारीख आणि हवामानाचा अंदाज

उपचाराची तारीख ठरताच दिनदर्शिकेवर पुढील जोखमीच्या दिवसांवर खूण करावी. नेमके दिवस औषधागणिक बदलतात. ते डॉक्टरांकडून विचारून घ्यावेत. त्या दिवसांत अतिवृष्टीचा इशारा मिळाला आणि गावाची वाट पुलावरून किंवा सखल भागातून जात असेल, तर पाणी चढण्यापूर्वीच रुग्णाला रुग्णालयाजवळच्या नातलगांकडे हलवावे. पूर आल्यानंतर होडी शोधण्यापेक्षा आदल्या दिवशी बस गाठणे केव्हाही सोपे.

पिशवीत काय असावे?

प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेली एक पिशवी दाराजवळ तयार असावी. तीत रोगाचे निदान, औषधांची नावे व मात्रा, शेवटच्या उपचाराची तारीख, रक्तगट, न सोसणारी औषधे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद ठेवावा. अनोळखी डॉक्टरांना या एका कागदावरून बरेच काही उमगते. शिवाय किमान एका आठवड्याची औषधे, थर्मामीटर, विजेरी आणि साबण असावा. थंड ठिकाणी ठेवावयाच्या औषधांची वीज गेल्यास काय व्यवस्था करावी, हे आधीच विचारून ठेवावे. चुकलेल्या मात्रेची भरपाई म्हणून दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. वेदनेसाठी मॉर्फीन चालू असल्यास ते एकाएकी बंद पडू देऊ नये.

पुराच्या पाण्यात रुग्णाने उतरू नये; त्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग संभवतात. पिण्याचे पाणी खळखळून उकळलेले असावे.

गावाचा वाटा

एकट्या कुटुंबाला हे सारे पेलणार नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या घरी शिक्षकांनी तो कागद लिहून द्यावा. पंचायतीने, रुग्णाची संमती घेऊन व गुप्तता राखून, अशा घरांची नोंद ठेवल्यास स्थलांतराच्या वेळी प्रथम कोणाकडे जावयाचे हे ठाऊक असेल. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावताना ‘केमोथेरपी चालू आहे आणि ताप आला आहे’ असे स्पष्ट सांगावे. रुग्णालयात पोहोचल्यावरही हेच वाक्य सर्वप्रथम उच्चारावे. रांगेत ताटकळण्याऐवजी लवकर तपासणी होऊन प्रतिजैविके वेळेवर सुरू होण्यास त्याचे साहाय्य होते.