समेच्या किंचित आधी

गिरगाव

चि. सई,


रविवारी दादरला सकाळच्या मैफलीचे फोटो तू मोबाइलवर काढणार आहेस, असं ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. मागच्या कार्यक्रमाचे फोटो तू पाठवलेस, ते मी मोठे करून पाहिले. गाणाऱ्या बुवांचा चेहरा पांढराफटक आणि मागचा काळा पडदा करडा झालाय. फोन सगळ्या चौकटीचा उजेड मोजतो. काळोख जास्त दिसला की सगळंच उजळतो. म्हणून चेहऱ्यावर बोट दाबून धर, फोकस लॉक झाला की शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढ. फ्लॅश बंदच ठेव. तो चार हातांपलीकडे पोचत नाही, आणि गाणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र जातो. स्क्रीनचा उजेडही कमी कर, मागच्यांना त्रास होतो.

नाइट मोड इथे कामाचा नाही. तो उजेड गोळा करत बसतो, आणि तानेबरोबर फिरणारा हात तेवढ्यात धुरकट होतो. प्रो मोडमध्ये शटर 1/100 ठेव. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर त्याच्याशी जुळलं नाही तर फोटोत आडवे पट्टे उमटतात. एवढ्या शटरला तबलजीची बोटं जराशी हलतील. हलू देत, ती हलतातच.

आता खरं सांगायचं ते. समोर बसू नकोस, माइक तोंडावर येतो. तबलजीच्या बाजूला तिरकी बस, कारण समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येताना गाणारा बहुतेकदा तबल्याकडे बघतो. विलंबित एकतालाचं आवर्तन बारा मात्रांचं, कधी कधी मिनिटभर चालतं. पहिली दोन-तीन आवर्तनं फोन मांडीवर ठेवून नुसती ऐक, हातावर मात्रा मोज. मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा बंदिशीचा तुकडा, कुठून उचलतात ते कळलं की मग फोन वर घे. मुखडा उचलताना हात वर जातो, भुवया ताणल्या जातात, तबलजी मान वर करतो. बटण तेव्हाच दाब. सम पडल्यावर दाबलंस तर सगळं सैल झालेलं असतं. ताल कळणाऱ्याचे चार फोटो न कळणाऱ्याच्या चारशे फोटोंपेक्षा सरस असतात, हे मी पुण्याच्या सतीश पाकणीकरांची छायाचित्रं बघून शिकलो.

आणखी एक. गायिका केसरबाई केरकरांना आपलं गाणं कुणी चोरून टिपलेलं खपत नसे. त्याच केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्या वारल्या. आपलं गाणं कुणाकडे जावं, हे ठरवायचा हक्क गाणाऱ्याचा, आणि चेहऱ्याचंही तसंच आहे, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा रविवारी अर्धा तास आधी पोच. तानपुरे लागत असतील, तेव्हाच बुवांना नमस्कार करून विचार. नको म्हणाले, तर फोन पर्समध्ये ठेव आणि गाणं ऐकून ये.

तुझा,
मामा