मोटारीची निवड

नांदेड हे गोदावरीच्या तीरावरील नगर. तेथील एका कुटुंबाने मोटार घ्यावयाचे ठरविले. घरात आई, वडील, आजी व दोन मुले अशी पाच माणसे. मुलांचे आजोळ लातूरला. महिन्यातून एकदा तेथे जाणे होई. परंतु आजीला दम्याचा विकार असल्यामुळे गर्दीतून तिला नेणे कठीण जाई.

गावात एक जुनी, मोठी डिझेलची मोटार स्वस्तात मिळत होती. ती पाहून मुलगा हरखून गेला. “बाबा, हीच घेऊ या! सगळी गल्ली पाहत राहील.”

वडील हसून म्हणाले, “मोटार गल्लीने पाहण्यासाठी घ्यावयाची, की आपण बसण्यासाठी? वही आण, हिशेब मांडू.”

लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने लातूर सुमारे 140 किलोमीटर. जुनी मोटार एका लिटरला 14 किलोमीटर धावे. म्हणजे जाऊन येऊन 20 लिटर डिझेल. लहान, नवी पेट्रोलची मोटार लिटरला 20 किलोमीटर धावली, तर 14 लिटर पुरणार होते.

“आता धुराचा हिशेब,” वडील म्हणाले. “इंधनातील कार्बनचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक लिटर डिझेलपासून तो सुमारे 2.7 किलो होतो, तर पेट्रोलपासून 2.3 किलो.”

मुलीने गुणाकार केला. एका फेरीत 54 किलो आणि 32 किलो! बारा फेऱ्यांत अडीचशे किलोंहून अधिक फरक.

“हाच वायू आजीला बाधतो का?” तिने विचारले.

“नाही. त्याने पृथ्वीचे तापमान वाढते. आजीला बाधतात ते धुरातील सूक्ष्म कण व नायट्रोजनची ऑक्साइडे. त्यांना आळा घालण्यासाठी 1 एप्रिल 2020 पासून नव्या मोटारींना ‘भारत स्टेज सहा’ ही कडक मानके देशभर लागू झाली. ही जुनी मोटार त्यापूर्वीची आहे.”

“मग विजेची मोटार घेऊ,” मुलगा म्हणाला.

“ती स्वतः धूर सोडत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र वीज कोळशापासून झाली, तर धूर परळीसारख्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून निघतो. तरीही एकंदरीत ती बहुधा सरसच ठरते. पण तिची किंमत आज आपल्याला झेपणार नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे.”

अखेर लहान पेट्रोलची मोटार घरी आली. आई म्हणाली, “निवड चांगली झाली; आता वापरही चांगला हवा. चाकांत हवा योग्य ठेवावी, वेग बेताचा असावा, उभ्या गाडीचे इंजिन बंद करावे आणि प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र वेळेवर घ्यावे.”

दुसऱ्या दिवशी मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर आणावयाची होती. “बाबा, मोटारीने जाऊ या?” असे तो म्हणणार, तोच त्याची दृष्टी आजीकडे गेली. काही न बोलता त्याने पिशवी घेतली आणि तो पायीच निघाला.

स्वाध्याय

1. जुनी मोटार स्वस्त असूनही वडिलांनी का नाकारली?
2. विजेच्या मोटारीचा गुण व तिच्याविषयीची अडचण सांगा.
3. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ या म्हणीचा अर्थ सांगून ती वाक्यात योजा.
4. आपल्या घरचे वाहन महिन्याला किती इंधन वापरते, याचा हिशेब मांडा.