फडताळाचे माप घेताना

भिंत सरळ असते, असा आपणा सर्वांचा एक प्रेमळ समज असतो. हा समज मोडतो त्या दिवशी बहुधा घरात सुतार उभा असतो, त्याने मोठ्या हौसेने करून आणलेले लाकडी खोके चौकटीत अडकलेले असते, आणि घरातील प्रत्येक माणूस 'मी तेव्हाच सांगत होतो' असे म्हणत असतो. आमच्या घरी हे सर्व यथासांग घडले. स्मरणिकेसारख्या ठिकाणी घरातील फजिती सांगावी की नाही, असा क्षणभर विचार आला. परंतु आपल्या वाचकांपैकी निम्म्यांच्या घरी तरी भिंतीतले फडताळ असेल, आणि उरलेल्यांच्या घरी नव्या फ्लॅटमध्ये कपाट करावयाचे असेल. तेव्हा सांगतोच.

आमचे घर दांडिया बाजाराकडचे, जुन्या बांधणीचे. भिंती दीड-दोन फूट जाडीच्या. त्यामुळे भिंतीच्या पोटातच सागवानी चौकट बसवून दोन दारांचे फडताळ केलेले. जमिनीपासून अडीच फुटांवर त्याचा तळ आणि सात फुटांवर माथा. एके काळी त्यात तांब्यापितळेची भांडी असत. पुढे आईची लुगडी आणि पातळे आली, त्यांच्या आड घराची कागदपत्रे, आणि वडील गेल्यावर त्यांच्या पेन्शनची फाईल. एक वस्तू काढावयाची तर चार खाली उतरवाव्या लागत. म्हणून आत ड्रॉवर, फळ्या आणि हँगरची दांडी असलेले नवे खोके बसवावे, असे ठरले.

माप मी घेतले. छातीच्या उंचीवर, आतल्या दोन भिंतींमध्ये, एकदाच. ४४ इंच भरले. मिस्त्रींना ते फोनवर सांगितले, आणि त्यांनी अर्धा इंच सोडून ४३½ इंच रुंदीचे खोके कारखान्यात करून आणले. फडताळाच्या चौकटीतील मोकळी रुंदी ४१ इंच होती! पोट मोठे आणि तोंड लहान, ही मडक्याची गोष्ट लहान पोरालाही ठाऊक असते. मला ती त्या दिवशी आठवली. चौकट काढावी तर भिंत फुटणार. शेवटी खोके सुटे करून आत जोडू म्हटले, तर तळाशी भिंतीचा गिलावा फुगलेला असल्यामुळे तेथील आतली रुंदी ४२¾ इंचच निघाली. म्हणजे तोंड मोठे असते तरी ते खोके बसले नसतेच. दोष मिस्त्रींचा नव्हता. त्यांना घरी बोलावून माप घ्या म्हणून मी सांगितलेच नव्हते.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, तोंडाचे माप आणि पोटाचे माप वेगवेगळे लिहावे. पोटाची रुंदी तळाशी, मध्यावर आणि माथ्याशी, आणि तीही पुढच्या कडेला व मागच्या भिंतीपाशी, अशी सहा ठिकाणी मोजावी व सर्वांत लहान आकडा धरावा. सरासरी काढू नये. सरासरीत लाकूड बसत नाही. उंची डावीकडे व उजवीकडे, खोली वर व खाली. नंतर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. आमच्या चौकटीच्या कर्णांत पाऊण इंचाचा फरक निघाला. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे पाहण्यास दोऱ्याला बांधलेले एखादे कुलूप पुरते.

टेपविषयी एक सांगावेसे वाटते, कारण पुष्कळ सुशिक्षित माणसेही हे जाणत नाहीत. पोलादी टेपच्या टोकाची पत्र्याची आकडी किंचित सैल असते, ती बिघडलेली नसते. बाहेरचे माप घेताना आकडी कडेला अडकून पुढे सरकते, आतले माप घेताना भिंतीला टेकून मागे सरकते, आणि तिच्या स्वतःच्या जाडीएवढा फरक अशा रीतीने भरून निघतो. माझ्या एका आप्तांनी ती ठोकून पक्की केली होती. शिवणकामाची कापडी टेप मात्र या कामास घेऊ नये. ती वापरून वापरून ताणलेली असते.

मापाच्या भाषेचाही घोटाळा असतो. पूर्वी आपल्याकडे गज चाले, आणि एका गजाचे चोवीस तसू. गुजरातेतील अनेक सुतार कुटुंबांचे गज्जर हे आडनाव या गजावरूनच आले, असे मानतात. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढले, त्याचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे सुतार घराण्यातलेच. गज गेला, फूट-इंच आले; १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली; पण सुताराच्या दुकानातून जुने काहीच पुरते गेले नाही. आजही प्लायवूडचा पत्रा आठ फूट बाय चार फूट असा मागावयाचा, पण त्याची जाडी १८ मिलिमीटर अशी सांगावयाची. मिस्त्री इंचाच्या आठव्या भागास सूत म्हणतात. गुजराती मिस्त्री त्यालाच दोरा म्हणतील. आपण फोनवर 'तीन पॉइंट चार फूट' म्हणालो आणि त्यांनी तीन फूट चार इंच लिहिले, तर पाऊण इंचाहून अधिक फरक पडतो, कारण ३.४ फूट म्हणजे ३ फूट ४.८ इंच. म्हणून सर्व मापे एकाच एककात, शक्य तर मिलिमीटरमध्ये, कागदावर आकृती काढून द्यावीत. तोंडी काही सांगू नये.

मापाची धास्ती घेणारे आपण पहिलेच नव्हे. लक्ष्मीविलास राजवाड्याचे आराखडे करणारे मेजर चार्ल्स मँट १८८१ मध्ये, काम अर्ध्यावर असताना वारले, आणि राजवाडा रॉबर्ट चिझम यांनी १८९० मध्ये पुरा केला. आपले गणित चुकले असून इमारत ढासळेल, या भयाने मँट यांचे मन खचले होते, अशी आख्यायिका बडोद्यात अजून सांगतात. राजवाडा अर्थातच खणखणीत उभा आहे.

आता आमच्या दुसऱ्या खोक्याचा हिशेब देतो. यावेळी आम्ही तोंडाच्या ४१ इंचांतूनच आत जाईल असे ४०¼ इंचांचे खोके धरले. बाजूच्या दोन फळ्या पाऊण-पाऊण इंच. आत मोकळे ३८¾ इंच. मधली उभी फळी पाऊण इंच, उरले ३८. प्रत्येक भागास १९. ड्रॉवरच्या चॅनलला प्रत्येक बाजूस अर्धा इंच लागतो, म्हणून ड्रॉवरची बाहेरची रुंदी १८ इंच. फडताळाचे दार सव्वा इंच जाड आहे आणि उघडल्यावर ते तेवढेच आत डोकावते. आमचा ड्रॉवर चौकटीच्या कडेपासून दीड इंचाहून थोडा अधिक आत सुरू होतो, म्हणून दाराला घासत नाही. हा शेवटचा हिशेब विसरला तर ड्रॉवर सुंदर होतो, फक्त बाहेर येत नाही. भिंत व खोके यांमध्ये दोन्ही बाजूंस राहिलेली फट पट्ट्या मारून झाकली. दोन-तीन इंच जागा वाया गेली खरी. पण ती चौकटीने आधीच घेतलेली होती.

खोलीने आणखी एक निकाल लावला. आमच्या फडताळाची खोली १५ इंच. मागची पातळ फळी पाव इंच, पुढे मुठीसाठी दीड इंच सोडले की १३¼ उरतात. म्हणून १२ इंची चॅनल. आणि हँगर? मोठ्या माणसाचा हँगर सुमारे १७ इंच रुंद असतो. तो आडवा राहावयास आत २० ते २२ इंच खोली हवी. तेव्हा हँगरच्या दांडीचा बेत आम्हाला सोडून द्यावा लागला. बाजारातील चित्रे पाहून बेत करण्यापूर्वी खोली मोजली असती तर महिनाभराचा वाद वाचला असता.

जागेइतकेच वस्तूंचे माप महत्त्वाचे. पातळांची एक थप्पी पलंगावर रचावी आणि तिचीच लांबी, रुंदी, उंची मोजावी. नऊवारी लुगड्याची घडी सहावारीपेक्षा साहजिकच जाड होते. आमच्या घरी दोन्ही आहेत. थप्पी एक फुटाहून उंच करू नये, तळचे पातळ कधी वर येतच नाही. थप्पीवर हात जाण्यास दोन इंच मोकळे ठेवावेत. जरीची पातळे मलमलीत गुंडाळून, घडी अधूनमधून बदलून ठेवतात, त्यांना अधिक जागा धरावी. तीन फुटांहून लांब फळीस मध्ये आधार द्यावाच, नाहीतर वर्षभरात ती झोळीसारखी होते.

नव्या फ्लॅटमधील वाचकांसाठी एवढेच की, उभ्या कपाटाची उंची छताखाली बसते एवढे पाहून भागत नाही. कपाट आडवे आणून उभे करताना त्याचा कर्ण छताला लागतो. ८४ इंच उंच आणि २४ इंच खोल कपाटाचा कर्ण ८७ इंचांहून अधिक भरतो. छत ८६ इंचांवर असेल तर ते उभेच राहणार नाही. जुन्या घरांच्या माड्यांवर तुळईखाली एवढीच उंची असते. जिन्याचे वळण, लिफ्टचे दार, पंख्याचे पाते आणि भिंतीवरील विजेची बटणे यांचीही नोंद त्याच कागदावर असावी.

मोजण्यापूर्वी फडताळ पूर्ण रिकामे करून भिंतीवर बोटाने टिचकी मारून पाहावे. पोकळ आवाज आला, किंवा कोपऱ्यात मातीची बारीक रेघ दिसली, तर आधी वाळवीचा बंदोबस्त, मग सुतार. बाहेरच्या भिंतीस पावसाळ्यात ओल येते, म्हणून खोक्याच्या मागे अर्धा इंच हवा खेळू द्यावी. हा अर्धा इंच खोलीतून वजा होतो, तो विसरू नये. आमचे फडताळ आतल्या भिंतीत असल्याने आम्हाला तो सोडावा लागला नाही. तळमजल्यावरील घरांत आणखी एक माप आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरातील कित्येक घरांत शिरले. ज्यांच्या भिंतीवर त्याची रेघ राहिली आहे, त्यांनी जमिनीपासून तिची उंची मोजावी आणि दस्तऐवज, फोटो व मुलांची प्रमाणपत्रे त्या रेघेच्या बरीच वर ठेवावीत.

एवढे सारे मोजून दुसरे खोके सुतासारखे बसले. मिस्त्रीही खूश झाले. महत्त्वाचे कागद नातवंडांच्या हाती लागू नयेत म्हणून ड्रॉवर आम्ही वरच्या भागात, जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर घेतले होते, आणि आईचे पासबुक, औषधे, तिची चष्म्याची जुनी घरे, सारे त्यांत नीट लावून दिले.

दोन महिन्यांनी एका दुपारी मी घरी लवकर आलो, तर आई पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढीत होती. तिचे गुडघे दुखतात, तिला खाली बसावयास डॉक्टरांनी मनाई केलेली. ट्रंकेत पासबुक, औषधे, चष्म्याची घरे, सारे परत आले होते. मी जरा रागानेच विचारले, "आई, एवढे फडताळ तुझ्यासाठी केले ना?" ती म्हणाली, "अरे, वर हात जातो. पण डोळा जात नाही. चाचपून औषध कसे घेऊ?"

आईची उंची ४ फूट ९ इंच. ड्रॉवरची कड तिच्या डोळ्यांच्या वर होती. आत काय आहे हे तिला कधी दिसलेच नव्हते, आणि तिने ते कोणास सांगितलेही नव्हते. आम्ही चौकट मोजली, हँगर मोजला, दाराची जाडी मोजली. जिच्यासाठी हे सर्व चालले होते तिला कोणी उभे करून मोजले नाही. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत लोखंडी मांडण्यांचे मजले आणि त्यांमधील काचेची जमीन आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तशा रचनेचे तत्त्वच हे की, शिडी न लावता माणसाचा हात सर्वांत वरच्या फळीला पोहोचावा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून या शहरात ग्रंथालयांची व्यवस्था लावली. पुस्तकांपाशी येणाऱ्या माणसाचा हात या शहरात इतक्या पूर्वी कोणी मोजला होता, आणि मला घरात तो सुचला नाही.

मिस्त्रींना पुन्हा बोलावले. आईला फडताळापुढे सहज उभे केले आणि दाराच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने तीन रेघा मारल्या: न वाकता हात पोहोचतो ती खालची, डोळ्यांची मधली, आणि टाचा न उचलता हात जातो ती वरची. ड्रॉवर उतरवून तळाशी, खालच्या रेघेजवळ घेतले. रोजची पातळे त्यांच्यावर, डोळ्यांच्या रेघेखाली. वरच्या रेघेपलीकडे लग्नकार्यातली जरीची पातळे आणि घराचे दस्त, जे वर्षातून दोनदा लागतात. नातवंडांच्या भयास एक साधे कुलूप पुरले. दोन दिवसांचे काम झाले आणि थोडे प्लायवूड वाया गेले.

ट्रंक आता रिकामी होऊन माळ्यावर गेली आहे. मापांचा कागद दाराच्या आत, त्या रेघांशेजारी चिकटवून ठेवला आहे. पुढे कोणास फळी बदलावयाची झाली तर पोटाची मापे तेथे मिळतील. चौकट मात्र त्याने पुन्हा मोजावी. सागवान असले तरी पावसाळ्यात ती एखाददुसरे सूत फुगते.