‘आपलाच माणूस’ तपासायचा कसा?

दिल्लीला कोण उभा आहे, हे टीव्ही सांगतो. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या गावात ग्रामपंचायतीला उभा राहणारा शेजारच्या आळीतलाच असतो. त्याची होडी, वाडी, सोयरीक सगळं ठाऊक. मागची पाच वर्षं सदस्य म्हणून त्याने काय केलं, हे विचारलं की मात्र ओटीवर सगळे गप्प.

काय करावे

- शपथपत्र मागून वाचा. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण त्यात लिहावं लागतं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे चौकशी करा.
- उमेदवार आधी सदस्य होता? मासिक सभांचं इतिवृत्त पाहा. हजेरी कळते, तोंड उघडलं का तेही कळतं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, पण उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. निवडणूक जाहीर झाल्यावर जाग आली, तर कागद निकालानंतर हातात पडायचा.
- ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीचा खर्च दिसतो. त्यातलं गटार प्रत्यक्षात आहे का, चालत जाऊन बघा.
- नेमकं विचारा. ‘विकास करणार का?’ याला नाही कोण म्हणेल? पर्यटकांचा कचरा कुठे टाकणार, मे महिन्यात पाण्याचं काय, हे विचारा. जेट्टीचं आश्वासन देणाऱ्याला तर जरूर अडवा: जेट्टी मेरीटाइम बोर्डाकडे, खारबंदिस्ती खारभूमी विभागाकडे. पाठपुरावा तो करू शकतो. ‘बांधून देतो’ म्हणाला, तर एकतर त्याला पंचायत कळलेली नाही किंवा तुम्हाला कळत नाही असं त्याने धरलंय.
- जागा महिलांसाठी राखीव असेल, तर बाईंशीच बोला. उत्तरं नवरा देत असेल, तर कारभारही तोच करणार.
- पूर्ण नाव आणि चिन्ह, दोन्ही पाठ करा. 2014 च्या लोकसभेला रायगडात सुनील तटकरे अनंत गीते यांच्याकडून 2,110 मतांनी हरले. तटकरे यांच्याच नावाच्या एका अपक्षाला नऊ हजारांहून अधिक मतं पडली होती. एकाच आडनावाच्या कोळीवाड्यात हा घोळ किती सोपा!

काय टाळावे

- झेंडा बघून मत. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होतच नाही.
- मुंबईहून आणणाऱ्या फुकटच्या गाडीत बसून तिथेच मत ठरवणं. चाकरमान्यांनो, तिकीट आपलं काढा.
- गावकीचा हुकूम. सल्ला ऐका, मत आपलं द्या. वाळीत टाकण्याची धमकी आली, तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे. रायगडातल्या तक्रारी हे तो कायदा होण्यामागचं एक मोठं कारण होतं.
- ‘बिनविरोध’चं आंधळं कौतुक. देवळासाठी बोली लावून पदं वाटली गेली म्हणून राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी 2021 मध्ये नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथली निवडणूक प्रक्रिया रद्द केली होती.
- शेवटच्या रात्री मोबाइलवर फिरणाऱ्या ‘भानगडी’. खऱ्या असत्या तर महिनाभर आधी आल्या असत्या.

इतिवृत्ताचा अर्ज आजच टाका. निवडणूक लांब असेल, तर उत्तमच.